तीन नंबरची बाई

“तीन नंबर काढून टाक,” यज्ञेश म्हणाला. “मग सगळं जुळतं.”

पडद्यावर तीन रकाने होते. माशांचे चोवीसशे फोटो, आणि प्रत्येकापुढे तीन माणसांनी वेगवेगळं बसून दिलेलं उत्तर: ताजा की शिळा. त्यावरून यंत्र शिकणार होतं. पहिले दोघे कंपनीच्या भांडुपच्या गोदामात पॅकिंग करणारे. त्यांचं एकमेकांशी बरंचसं जुळत होतं. तिसरीचं कुणाशीच जुळत नव्हतं. ते दोघे ताजा म्हणाले तिथे ती साडेसहाशे वेळा शिळा म्हणाली होती.

“तिघांचं एकमत एकसष्ट टक्के. करारात ऐंशी लिहिलंय,” यज्ञेश म्हणाला. तो कंपनीचा माणूस. दर मंगळवारी अंधेरीच्या या प्रयोगशाळेत यायचा. प्रयोगशाळा अर्धी विद्यापीठाची, अर्धी कंपनीची. सुगंधा मॅडम प्रमुख, आणि कल्पिता त्यांच्याकडे पोस्टडॉक.

तीन नंबर म्हणजे कल्पिताची आई, मथुरा. अडतीस वर्षं वेसाव्याच्या बाजारात मासळी विकलेली. हे त्या खोलीत फक्त कल्पिताला माहीत होतं. प्रकल्पातल्या माणसांनी नातेवाइकांकडून काम करून घ्यायचं नाही, असा नियम होता.

“मासा कधी पकडला त्या तारखा मिळाल्या तर कोण बरोबर ते कळेल,” ती म्हणाली.

“नाही मिळणार गं. दोनदा विचारलं मी. वरून नाहीच म्हणतात.” यज्ञेश शेऱ्यांच्या रकान्यात गेला. आई बोलायची ते कल्पितानं तिथे जसंच्या तसं टाइप केलं होतं. त्यानं एक मोठ्यानं वाचलं. “‘यो परवाचा हाय. डोला बसलाय. वर पानी मारलाय नुसता.’ बाई भारी आहे यार! बोलव ना तिला. परत एकदा बघू दे.”

“ती वारली. सव्वा महिना झाला.”

“अरे.” त्यानं माउसवरचा हात काढला. “सॉरी. वय होतं का?”

“साठ.”

“मग राहू दे, कल्पिता,” सुगंधा मॅडम म्हणाल्या. “विचारायलाही कुणी नाही. काढूनच टाकू.”

“चोवीसशे फोटो बघितलेत तिनं, मॅडम. एकेक. बाजारातून आल्यावर, पाठ टेकायच्या आधी.”

आवाज चढला होता. दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

“बरं, असं करू,” यज्ञेश म्हणाला. “घरी कोण आहे तिच्या?”

“मुलगी.”

“झालं तर मग! कोळणीच्या घरात हे जन्मापासून कळतं. वादातले पन्नास फोटो तिला आत्ताच फोनवर पाठव. आईला दिसलं ते तिलाही दिसलं, तर तीन नंबर ठेवू. मी भांडतो वर. नाही दिसलं तर विषय संपला.”

“तिला कशाला त्रास रे? आत्ताच आई गेलीय,” मॅडम म्हणाल्या.

“चालेल तिला,” कल्पिता म्हणाली.

यज्ञेशनं फोटोंची नावं पुसली, क्रम फिरवला. तिघांचं एकमत असलेले वीस फोटो मध्ये मिसळले, म्हणजे सरसकट शिळा, शिळा म्हणत सुटता येणार नाही. ही पद्धत कल्पितानंच त्याला बसवून दिली होती.

ते दोघे जेवायला खाली गेले. कल्पितानं पहिला फोटो उघडला.

पापलेट होतं. तिनं डोळा पाहिला. काळा, भोवती पांढरी कड. बसलेला होता का? तिनं शेजारी दुसरा फोटो लावला. त्याचाही डोळा काळा, भोवती पांढरी कड. पोट दोन्हींचं चकचकीत. कल्ले फोटोत मिटलेलेच होते.

आणि उघडे असते तरी काय पाहायचं, ते तिला माहीत नव्हतं. नववीत असताना एकदा तिनं पाटीवरच्या घोळ माशाचा कल्ला बोटानं उचलला होता. आईनं चापट मारली होती. “हात नको घालू. उद्या पेपर हाय तुजा.” मग गिऱ्हाईक उभं ठेवून तिचा हात साबणानं धुऊन दिला होता. दोनदा.

तिनं फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. मासा गेला, डोळा गेला, नुसते राखाडी चौकोन राहिले. ती परत मागे आली. आई एका फोटोला चार सेकंदही घेत नसे. मांडीवर टॅब, बोट चाललेलं, तोंडानं गोदामवाल्यांना शिव्या. कल्पिता समोर बसून टाइप करायची आणि हसायची. एकदाही तिनं विचारलं नव्हतं, कशावरून गं.

सत्तर फोटो पाहायला तिला पाऊण तास लागला. जे दिसलं तेच तिनं लिहिलं.

यज्ञेश वर आला तेव्हा निकाल पडद्यावर होता. पन्नासांपैकी सहा आईशी जुळले होते.

“सहा,” तो म्हणाला. मग हळूच, “तूच काढतेस की मी काढू?”

“मी काढते.”

तिनं तिसऱ्या रकान्यावर क्लिक केलं. यंत्रानं कारण विचारलं. पर्याय दोनच होते. तिनं ‘उत्तरं अविश्वसनीय’ निवडलं, कारण ‘इतर’ निवडलं की खाली लिहावं लागे. रकाना गेला. एकमत अठ्ठ्याऐंशी टक्के झालं.

“झकास,” यज्ञेश म्हणाला. त्यानं लॅपटॉप मिटला, बॅग उचलली आणि दारात थांबला. त्याला खरंच नवल वाटत होतं. “पण कोळणीची मुलगी आणि मासळी कळत नाही? करते काय ती?”

“शिकली,” कल्पिता म्हणाली.