नकोबांचा शेरा

राष्ट्राध्यक्षांना सभागृहातले लोक पाठीमागे 'नकोबा' म्हणत. सभागृहाने पुलाचा कायदा केला, साहेबांनी 'नामंजूर' असा शेरा मारून परत पाठवला. दवाखान्याचा केला, तोही परत. हा नकाराधिकार मात्र त्यांना वर्षभरापुरताच मिळाला होता आणि वर्ष सरत आलं होतं. मग साहेब एकेका सदस्याच्या घरी गेले. कुणाच्या नातवाला मांडीवर घेतलं, कुणाचं बेसूर गाणं डोळे मिटून ऐकलं. अखेर सभागृहालाच दया आली आणि नकाराधिकाराला मुदतवाढ देणारा कायदा मंजूर झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता साहेबांनी टेबलावरचा गठ्ठा पुढे ओढला आणि सवयीप्रमाणे प्रत्येक कायद्यावर 'नामंजूर' लिहून तो हातावेगळा केला. दुपारी सभापतीबाईंचा फोन आला.

"साहेब, मुदतवाढसुद्धा नामंजूर?"

साहेबांच्या तोंडचं पाणीच पळालं. "अहो, मी वाचलंच नव्हतं! पुन्हा मंजूर करून पाठवा ना, बाई."

"आता कसं जमायचं, साहेब?" बाई अगदी आदबीने म्हणाल्या.



"तुमचा नकार सभागृहाला पहिल्यांदाच एकमताने पटलाय."