आक्कांची चकली

"मला उपास आहे," फराळाचं ताट बघताच नीळकंठरावांनी सांगून टाकलं.

"भाऊबीजेला? कुठल्या देवाचा?" आक्कांच्या हातातलं निरांजन अजून विझलंही नव्हतं.

देव काही पटकन सुचेना. महिन्यापूर्वीच डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या शेवटच्या दोन दाढा महत्प्रयासाने वाचवल्या होत्या आणि बजावलं होतं, "काका, कडक काही चावलंत तर या गेल्याच." थोरल्या बहिणीची चकली तर अशी, की हातातून पडली तर घरातले आधी फरशी बघत. पण ती न खाता उठणं म्हणजे वर्षभर अबोला, आणि ऐंशीच्या घरातल्या बहीणभावांना वर्षभराचा अबोला परवडत नाही.

आक्का चकल्या उचलून आत गेल्या. स्वयंपाकघरातून दणादण आवाज आले. रुसल्या! नीळकंठरावांनी मनातल्या मनात दाढांचा निरोप घेतला आणि 'आण, खातो' म्हणायला तोंड उघडलं, तोच समोर वाटी आली. कुटलेली चकली, वर सायीचं दही.

"तुझ्या सुनेने फोनवर सगळं सांगितलंय. खा मुकाट्याने." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "कवळी बसवल्यापासून मीही अशीच खाते. कुठे बोलू नकोस."

नीळकंठरावांनी चमचा तोंडात घातला. ओवा लागला, तीळ लागले. इतकी वर्षं त्यांना या चकलीचा फक्त आवाज माहीत होता.

"आक्का," चमचा चाटत ते म्हणाले, "अगं, चवीला फार सुंदर झालीय!"

"मग चाळीस वर्षं काय खात होतास?" म्हणत आक्कांनी वाटीत आणखी एक डाव दही घातलं.