उसना आवाज

"यापुढे मी माझ्याच आवाजात बोलणार," सारिनानं सांगून टाकलं.

ओर्नेल्लानं माइक शांतपणे बाजूला सारला. चेहरा एकीचा आणि आवाज दुसरीचा, यात रोमच्या स्टुडिओंत कुणाला काही वावगं वाटत नसे. इतकी वर्षं पडद्यावर सारिना ओठ हलवत आली होती आणि बोलत आली होती ओर्नेल्ला. पोस्टरवर तिचं नाव कधी आलं नाही.

"बरं बाई. घसा जप," ओर्नेल्ला हसली. "आई कशी आहे?"

आईचं ती नेहमीच विचारायची. आवाजात माणूस उतरायचा तर त्याचं सगळं ठाऊक हवं, असं तिचं म्हणणं. म्हणून सारिनानं तिला सगळं सांगितलं होतं. सिसिलीतलं मिठागरापलीकडचं एकटं घर, सतराव्या वर्षी सिनेमापायी पळून येणं, आईनं तेव्हापासून धरलेला अबोला, काचबिंदूनं गेलेले तिचे डोळे. तरी चर्चच्या सिनेमाघरात लेकीचा प्रत्येक चित्रपट ती ऐकायला जाते, हेही.

"नशीबवान आहेस," ओर्नेल्ला तेव्हा म्हणाली होती. "माझी वाट बघणारं कुणी नाही."

नवा चित्रपट लागला. सारिनाचा घोगरा आवाज ऐकून थिएटर हसत सुटलं. कामं येईनाशी झाली. शेवटी मान खाली घालून ती ओर्नेल्लाच्या घरी गेली, तर खोलीला कुलूप. "आईकडे गेली, कायमची," दारवान म्हणाला.

आता सारिनाला एकच आस उरली होती. आईनं एकदा 'ये' म्हणावं.

ती गावी पोचली तो संत लुचियाचा दिवस होता. डोळे राखणाऱ्या या संतासाठी त्या दिवशी पाव वर्ज्य. घरोघर गहू शिजतात. आईच्या दारातही तोच वास होता. चर्चमध्ये मेणबत्ती लावून आलेल्या सारिनानं कडी वाजवली.

"कोण?"

"आई, मी. तुझी सारिना."

मग दार किलकिलं झालं. साखळी तशीच होती.

"आंधळीची थट्टा करू नये, बाई," आई हळू आवाजात म्हणाली. "माझी सारिना कधीच घरी आली."

आणि आतून, अवघ्या इटलीच्या ओळखीचा मधाळ आवाज आला, "आई, गहू निवतायत. कोण आलंय गं?"