उस्तादांचा हात

सुआमेतलं गॅरेज आता अंपोंसाचं होतं, तरी लॉरीवाली सेरवा त्याला शिकवणाऱ्या बादू उस्तादांनाच शोधत यायची. ते त्याला सलायचं. उस्तादांनी तिच्या इंजिनाचं हेड बसवलं, आट्यांना तेल लावून मधल्यापासून कडेकडे सगळे बोल्ट फेरीफेरीने आवळले. सेरवा केंके खायला वळताच अंपोंसाने लांब पाना लावून कोपऱ्यातला बोल्ट मोडेपर्यंत पिळला. “बाई, बघा म्हाताऱ्याची करामत!” “मी नीट आवळला होता,” उस्ताद कसेबसे म्हणाले. संतापाने त्यांचे हात थरथरत होते. सेरवाने ते हात पाहिले. “अंपोंसा, यापुढे लॉरी तूच बघ बाबा.” “उस्ताद, उद्यापासून येऊ नका,” अंपोंसा हसून म्हणाला. “जाताना तेवढा अडकलेला तुकडा काढून द्या. ते मला कुठे जमतं?” इंजिनाचा काय दोष, म्हणून उस्ताद वाकले. त्यांनी एकही आटा न दुखवता तुकडा काढून दिला.