लुप्त होणारे आवाज

ध्वनिसंग्रहालयाच्या उद्घाटनाला डॉ. यज्ञेश्वर दामल्यांनी पाहुण्यांच्या कानाला स्वतः हेडफोन लावला. जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या शालनबाईंची आरोळी होती ती.

"पुण्याच्या गल्ल्यांतून हे संपलं हो. आपल्या लोकांना कशाची म्हणून किंमत नाही," म्हणताना डॉक्टरांचा गळा दाटून आला. तो त्यांचा भाषणात नेमक्या जागी दाटतो.

शालनबाईंनाही बोलावलं होतं. खुर्ची मात्र दिली नव्हती.

पाहुण्यांनी विचारलं, "काय हो बाई, का सोडलंत ओरडणं?"

"डॉक्टरांच्या सोसायटीच्या फाटकाला पाटी हाय. वाचून बगा."



'बोहारणींनी येथे ओरडून रहिवाशांची दुपारची झोप मोडू नये. अपमान होईल. – डॉ. य. वि. दामले, सचिव.'