एक पायरी खाली

पंपघरात शिरताना एक पायरी उतरावी लागली, आणि सुचित्रा गोगटे तिथेच थबकली. तिच्या हातातल्या नकाशात पायऱ्या दोन होत्या, आणि त्या चढायच्या होत्या.

मागून माणसं येत होती म्हणून ती बाजूला झाली. कर्ज देणाऱ्या परदेशी बँकेच्या बाई आत गेल्या, त्यांच्यामागे सुचित्राचे साहेब विनायक आपटे, आणि त्यांच्यामागे नगरपालिकेची चार-पाच माणसं. कुणाच्या कपाळावर आठी नाही. असायचं कारणही नव्हतं. हावड्याच्या या गल्लीत प्रत्येक घरात असंच उतरून जावं लागतं. रस्ता खणतात, बुजवतात, वर नवं डांबर घालतात. रस्ता वर येतो आणि घरं आहेत तिथेच राहतात. इथे जन्म काढलेल्या माणसाला त्यात खटकण्यासारखं काय दिसणार?

चार वर्षांपूर्वी या गल्लीची मोजणी सुचित्रानेच केली होती. पंपघराचा चौथरा रस्त्यापेक्षा फूटभर वर, म्हणजे गल्ली तुंबली तरी पंपाच्या मोटारी कोरड्या, इतकं साधं गणित. मग कागद परदेशी गेले. शंका आल्या, उत्तरं गेली, उत्तरांवर पुन्हा शंका आल्या. माशांबद्दल विचारून झालं, झाडांबद्दल झालं, बायकांच्या सहभागाबद्दल तर तीनदा झालं. यात तीन वर्षं गेली आणि तेवढ्यात गल्ली दीड फूट वर आली. मंजुरी आली तेव्हा सुचित्राने नदीपलीकडे कोलकात्यात, न्यू टाउनच्या ऑफिसात बसून त्याच जुन्या नकाशावर पुन्हा सही केली. गल्लीत एक फेरी मारायला हवी होती. ती तिने मारली नव्हती.

आत बटण दाबलं गेलं. मोटारी घुमल्या, हौदातलं पाणी पलीकडच्या नाल्यात धो धो पडलं, टाळ्या वाजल्या. सुचित्रानेही वाजवल्या. आपल्याला घाम फुटायला हवा, असं तिला वाटलं. पण फुटला नाही. दात काढताना डॉक्टर सुई देतात आणि मग स्वतःचाच गाल परक्याचा वाटतो, तसं काहीसं झालं होतं.

समोरच्या घरातल्या शकुनला गल्लीच्या वतीने पुढे आणलं होतं. तिचा नवरा ओतकामाच्या कारखान्यात होता. मागच्या पावसात तीन दिवस घरात पाणी होतं, आणि सासूची खाट तिने विटांवर विटा रचून वर चढवली होती. गळ्यातला झेंडूचा हार सावरत तिने बाकी सगळ्यांना सोडून नेमकं सुचित्रालाच विचारलं, "दीदी, पानी भरेगा तब भी चलेगी ना ये मशीन?"

सुचित्राने तिच्याकडे पाहिलं आणि मग आपट्यांकडे वळली. मराठी बोलताना ही दोघं कधी आवाज खाली आणत नसत. कोलकात्यात त्याची गरजच नव्हती. ऑफिसात चारचौघांसमोर कुणाची निंदा करायची असली तरी ती खुशाल मराठीत करावी, कुणाला पत्ता लागत नसे.

"सर, पाणी सगळ्यात आधी इथेच शिरणार. मोटारी बुडतील. ज्या दिवशी हव्यात नेमक्या त्याच दिवशी बंद पडतील."

"अगं, मला काय डोळे नाहीत? दारातून शिरतानाच कळलं."

"माझी चूक आहे. मी सांगते त्यांना."

"सांग ना. एकतीस तारखेला कर्जाची मुदत संपते. आज बाईंची सही झाली नाही तर पुढची चार पंपघरं हातची गेली. तिथल्या लोकांना हेही मिळणार नाही."

"आणि इथल्या लोकांचं काय?"

आपट्यांनी दाराकडे नजर टाकली. "दाराशी वाळूच्या गोण्या लावू," ते म्हणाले, आणि त्यांना स्वतःलाच ते पटलेलं दिसलं नाही.

बँकेच्या बाई कुतूहलाने दोघांकडे बघत होत्या. वयस्कर, उन्हाने लाल झालेल्या, चेहऱ्याने भल्या वाटणाऱ्या. त्यांनी सुचित्राकडे बोट करून आपट्यांना इंग्रजीत विचारलं, "ही काय म्हणतेय? फार कळवळून बोलत होती."

"ही इथेच, कोलकात्यात वाढली," आपटे म्हणाले. "ती म्हणतेय, या बाईला आता पावसाळ्यात शांत झोप लागेल."

पंप अजून चालूच होता. सुचित्राचं इंग्रजी आपट्यांपेक्षा चांगलं होतं. एक वाक्य पुरलं असतं. ते तिने मनात जुळवलंही, आधी चौथरा, मग रस्ता, मग माझी चूक. तोंड उघडायचं तेवढं राहिलं होतं. बाई तिच्याकडे पाहत थांबल्या, शकुनही थांबली. आपटे मात्र मोटारीवरच्या पितळी पाटीकडे बघत राहिले.

सुचित्रा काही बोलली नाही. गप्प राहणं इतकं सोपं असेल, असं तिला वाटलं नव्हतं.

सगळ्यांचे चेहरे हसरे पाहून शकुनने आपलं उत्तर आपणच समजून घेतलं. तिने वाकून दोन्ही हातांनी मोटारीला नमस्कार केला.

बाईंचे डोळे भरून आले होते. त्यांनी वही काढली. "हे वाक्य आमच्या अहवालाच्या पहिल्या पानावर घालते," त्या म्हणाल्या. "तुझ्या नावानिशी. चालेल ना?"

सुचित्राने मान हलवली आणि नाव सांगितलं. आडनावाशी बाई अडखळल्या, तेव्हा पंपाच्या आवाजात नीट ऐकू जावं म्हणून तिने पुढे होऊन एकेक अक्षर सावकाश पुन्हा सांगितलं.