घट बसण्याआधी

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला?" जहिराचा आवाज शाळेच्या अंगणात घुमला.

शाळेची शिपाईण रंगुबाई हौदापाशी उकिडवी बसली होती. हातात नारळाचा काथ्या, शेजारी चुलीतली राख. पुढ्यात तीन हजार वर्षांपूर्वीचं मडकं, लख्ख घासलेलं. त्याच्या तांबड्या अंगावरची काळी हरणं राखेच्या पाण्याबरोबर मोरीत चालली होती.

"सांगायला कशाला पायजे? उद्या घट बसायचे. लोक घरातलं फडकं न् फडकं धुत्यात, आन् हितं मातीनं बरबटलेली मडकी मांडायची? तुमच्यात घट बसत न्हाईत बाई, म्हनून तुमाला त्याचं काय न्हाई."

"अहो, ती माती तीन हजार वर्षांची होती!"

"मंग तर लईच दिस धुतलं नव्हतं."

जहिरानं कपाळावर हात मारून घेतला. रसायनशास्त्र शिकून ती नगरच्या या मुलींच्या शाळेत लागली होती. दुसरं महायुद्ध संपल्यापासून तिला एकच ध्यास होता. शाळेत प्राचीन वस्तूंचं कायमचं दालन व्हावं. संस्थेचे अध्यक्ष आप्पासाहेब यांनी प्रवरेकाठच्या त्यांच्या मळ्यात सापडलेली मडकी दिली, तेव्हा कुठं प्रदर्शन ठरलं. उद्या पुण्याहून तिचे प्राध्यापक बघायला येणार होते. त्यांनी मान डोलावली, की दालन मंजूर. आणि या बाईनं आजच हरणं धुऊन टाकली!

तेवढ्यात आप्पासाहेबच आले.

"बघा, काय केलंय यांनी!" जहिरा जवळजवळ ओरडलीच.

आप्पासाहेबांनी मडक्याकडे पाहिलं आणि ते हसले. "एवढंच ना? नका जिवाला लावून घेऊ. कानिफनाथ कुंभाराला टांगा धाडतो. संध्याकाळपर्यंत होती तश्शी काढून देईल. नक्षी त्याच्याच हातची आहे."

 जहिरानं ओलं मडकं उचलून उन्हात धरलं. भाजण्याआधी काढलेली नक्षी मडक्याच्या अंगातच मुरते. ती राखेनं काय, शेकडो पावसाळ्यांनीही सुटत नाही. हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण मघापासून ती मोरीतल्या काळ्या पाण्याकडे नुसती चिडून बघत होती.

"कुंभाराला बोलवायचं नाही," ती म्हणाली.

आप्पासाहेबांचं हसू मावळलं. "मग उद्या पाहुण्यांना रिकामी टेबलं दाखवणार? दालन हवंय ना तुम्हाला?"

हवं होतं. फार हवं होतं.

ती आत गेली. टेबलावरची बाकीची मडकी तिनं एकेक करून हौदापाशी आणून ठेवली.

"रंगुबाई, हीही घ्या. चांगली दाबून घासा."